पूजेतले रॉड

आमच्या कोपरीच्या कारखान्यात वेल्डिंगचे रॉड माझ्या ताब्यात असत. दमट रॉड मला मुळीच खपत नसे. इथे खाडीचा वारा. उघडा पत्रा चार दिवसांत लाल होतो, तिथे रॉडवरचा लेप ओल पिणारच. म्हणून मी ते भट्टीत दोन तास भाजून गरम-गरम वेल्डरच्या हातात देई. "फोरमनसाहेब रॉडच्या भाकऱ्या भाजतात," असं कामगार म्हणत. म्हणोत बापडे. ओल्या रॉडचा सांधा दिसतो झकास, पण ओलीतला हायड्रोजन पोलादात शिरून बसतो आणि दोन-तीन दिवसांनी आतून चीर पाडतो.

हे सगळं मला ठाऊक होतं. तेच तर दुखतं.

छप्पन सालच्या खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेला पंढरी आणि त्याची बायको सगुणा बसली. पंढरी आमचा सगळ्यात चांगला वेल्डर. बाप मिठागरात राबलेला, हा मात्र आगीत रमलेला. हातोड्या, नट आवळायचे पाने पाटावर मांडले, रॉडचा नवा पुडाही फोडून ठेवला. सगुणाने फुलाने पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. दसऱ्याला हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून रॉड दोन रात्री तसेच उघडे पडून राहिले. आणि एकादशीला पहिला सांधा पूजेतल्याच रॉडने करायचा, हा कारखान्याचा रिवाज.

भट्टीत टाकायला मी ते उचललेही होते.

"साहेब, देवाचं हाईत, भाजता कशाला?" पंढरी हसून म्हणाला.

सगळे बघत होते. एरवी ज्याच्या-त्याच्या अंगावर खेकसणारा मी, नेमका त्या दिवशी नरम पडलो. पंढरीने छताच्या जाड तुळईला यंत्रं उचलायची कडी जोडली. सांधा इतका सुरेख आला की मी त्याची पाठ थोपटली.

तिसऱ्या दिवशी त्याच कडीला टांगून यंत्र वर घेताना सांधा तुटला. पंढरी खाली होता.

तेरावं झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. सगुणा भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती.

"दादा, पुजंत माजा काय चुकला?" तिने विचारलं. "सासू बोलते, पुजला बसली नि नवरा घालवलास."

मी म्हटलं, "पूजेचा काही संबंध नाही, सगुणा. रॉड ओले होते. भाजायचं काम माझं. मी भाजले नाहीत. चूक सगळी माझी." शिव्या घालील, निदान तिच्या मनावरचं ओझं तरी उतरेल, अशी माझी समजूत.

"वलं कशानं झालं?"

"खाडीची हवा," मी म्हणालो. "दोन रात्री उघडे होते ना."

ती मग म्हणाली, "नि मीनं शिपरलेला पानी?"

"अगं, चार थेंबांनी काय होतंय!" मी घाईघाईने म्हणालो.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आमचं घरधनी घरा येऊन सांगायचं," ती म्हणाली, "थेंबभर पान्यासाठी साहेब किती ओरडतान."

आणि मग ती रडायला लागली.