साठावा कुत्रा

आमच्या ग्रंथालयात ग्लाडिसबाईंचा एकच नियम चालतो. जो लेख हातात धरला नाही, तो यादीत घालायचा नाही. पडद्यावर नुसतं नाव दिसणं म्हणजे हातात धरणं नव्हे. छापलेलं पान पाहिजे, किंवा निदान त्या पानाचा फोटो.

मी जीवरसायनशास्त्र शिकून इथे आले ते सहा महिन्यांच्या करारावर. हायडॅटिडचा अभ्यास करणारी आमची ही संस्था. कुत्र्यांच्या पोटातल्या एका किड्यामुळे माणसाच्या यकृतात संत्र्याएवढ्या गाठी होतात, तो आजार. संस्थेला साठ वर्षं होणार होती, म्हणून माझ्याकडे काम आलं : साठ वर्षांत इथल्या लोकांनी किती शोधलेख लिहिले, त्यांचा पुढे कुणीकुणी आधार घेतला, आणि सगळ्यांत जास्त उल्लेख कोणत्या लेखाचा झाला, ते मोजायचं. मला मोजायला आवडतं. आई म्हणते की लहानपणी मी सूपमधल्या शेवया मोजायचे.

पहिला क्रमांक शोधायला कष्ट पडलेच नाहीत. डॉ. वॉशिंग्टन उरुतिया, १९८१, उरुग्वेच्या वैद्यकीय नियतकालिकाचा खंड बारा, पानं ११३ ते १२१. तीनशे सत्तेचाळीस उल्लेख. दुसऱ्या क्रमांकाला एकसष्ट. संचालक डॉ. फागुन्देस यांनी हा आकडा माझ्या खांद्यावरून वाकून पाहिला आणि त्याच दुपारी पितळी पाटीची ऑर्डर दिली. शुक्रवारी समारंभ होता, मंत्रालयाची माणसं येणार होती. पाटी दारात लागणार होती.

सोमवारी मी लेख हातात धरायला गेले. खंड बारा तळघरात होता, हिरव्या कापडी बांधणीचा. उघडला आणि शेवटपर्यंत चाळला. खंड शहाण्णव पानांवर संपत होता.

आधी वाटलं, पानं फाटली असतील. शिवण तपासली. एकही पान निघालेलं नव्हतं. अनुक्रमणिकेत उरुतिया नव्हते. अकरा आणि तेरा हे खंड पाहिले, त्यांतही नव्हते. मग मी वर येऊन तीनशे सत्तेचाळीस उल्लेख सालाप्रमाणे लावले आणि पहिल्यापासून वाचायला बसले.

पहिला उल्लेख १९८०चा, खुद्द उरुतियांच्याच दुसऱ्या एका लेखात : ‘दर तीन कुत्र्यांत एक बाधित (उरुतिया, छपाईत).’ बस्, एवढंच. दोन वर्षांनी ब्यूनोस आयर्सच्या एका पशुवैद्याला वाटलं असावं की एव्हाना छापून झालं असेल, त्याने १९८१ हे साल घातलं. पुढच्या वर्षी सांतियागोत कुणीतरी नियतकालिकाचं नाव जोडलं. उरुग्वेचा डॉक्टर आणखी कुठे छापणार? नंतर एकाने हिशेब करून खंड बारा लावला. १९९१ मध्ये पानांचे आकडे आले, कुठून ते देव जाणे. १९९७ मध्ये पोर्तु आलेग्रीत लेखाला पेरेयरा नावाचा सहलेखक लाभला, आणि २००४ मध्ये तो जसा आला तसा नाहीसा झाला. प्रत्येकाने आधीच्याचा संदर्भ उतरवून घेतला होता आणि जाताजाता थोडा सजवला होता. लेख वाचला मात्र कुणीच नव्हता, कारण वाचायला लेखच नव्हता.

“ग्लाडिसबाई, आपला पहिला क्रमांक अस्तित्वातच नाही,” मी म्हणाले.

त्यांनी माते, म्हणजे आमचा कडू चहा, भोपळ्यात भरला, थर्मासमधलं पाणी ओतलं, स्वतः प्यायल्या, मग पुन्हा भरून माझ्याकडे दिला. “पाटी तयार झालीय,” त्या म्हणाल्या. “स्क्रूसकट आलीय.”

मंगळवारी मी सगळं फागुन्देसना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि खुर्ची मागे ढकलली.

“म्हणजे तीनशे सत्तेचाळीस शास्त्रज्ञ खोटं बोलतात आणि तू एकटी खरी?”

“खोटं नाही बोलत, डॉक्टर. वाचत नाहीत.”

“हे बघ नोएलिया. ज्याचा इतक्या लोकांनी आधार घेतला, ते असणारच. नसेल तर नसू दे. तुला मोजायला ठेवलंय, तू मोजलंस. शाबास. आता यादी छापायला दे.”

“पण ग्लाडिसबाईंचा नियम—”

“ग्लाडिसचा नियम ग्लाडिसला! तुझा करार तीस तारखेला संपतो आणि नव्या करारावर माझी सही लागते. ती मी सोमवारी करणार आहे. शुक्रवारच्या यादीत उरुतिया नसतील, तर करणार नाही. कळलं?”

कळलं होतं. मॉन्तेविदेओत संदर्भ मोजायला माणसं ठेवणाऱ्या जागा मी मोजल्या होत्या. तीन. दोन भरलेल्या होत्या.

“रडू नकोस,” मी ग्रंथालयात परतल्यावर ग्लाडिसबाई म्हणाल्या.

“मी रडत नाहीये.”

“मग उत्तमच. उरुतिया जिवंत आहेत. बुसेओत राहतात. जाऊन विचार. आणि जाताना बेकरीतून बिस्कोचो ने, गोड नको, खारे ने. त्यांना साखर आहे.”

बुधवारी मी खारे बिस्कोचो घेऊन गेले. दार त्यांच्या बायकोने, सुल्माबाईंनी उघडलं. डॉक्टर स्वयंपाकघरात बसून शुक्रवारसाठी बूट पॉलिश करत होते. वय ब्याऐंशी, भुवया झाडूसारख्या. मी पिशवी टेबलावर ठेवली आणि जपून विचारलं, “डॉक्टर, तुमच्या कुत्र्यांच्या लेखाची प्रत मिळेल का?”

“कुठल्या कुत्र्यांच्या?”

“एक्क्याऐंशीच्या. दर तीन कुत्र्यांत एक बाधित, तो.”

ब्रश थांबला. “तो मी छापला नाही, पोरी. तुला कुणी सांगितलं त्याचं?”

“तीनशे सत्तेचाळीस जणांनी.”

मी तक्ता त्यांच्यापुढे पसरला. त्यांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचत गेले. पेरेयराशी आले तेव्हा म्हणाले, “हा कोण?”

“ते तुम्ही सांगाल असं वाटलं होतं.”

“आणि मला वाटलं, पाटी माझ्या नोकरीच्या वर्षांसाठी आहे,” ते हळूच म्हणाले. मग सुल्माबाईंकडे वळून, “ऐकलंस का? हे सगळं तुझ्या आईमुळे.”

“माझ्या आईला मध्ये आणू नका,” सुल्माबाई म्हणाल्या. “चव्वेचाळीस वर्षं झाली, अजून तेच.”

मग दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत, मला हकिकत सांगितली. १९७९ मध्ये डॉक्टरांनी दुरास्नोच्या आसपास साठ कुत्री तपासायची ठरवली होती. त्या काळी कुत्र्याला जुलाबाचं औषध देत आणि जे पडेल त्यात किडे मोजत. एकोणसाठ कुत्र्यांचं झालं. साठावी होती कानेला, त्यांच्या सासूबाईंची.

“सासूबाई म्हणाल्या, माझ्या कानेलाला जुलाब देणार नाही, ती काही आजारी नाही.”

“आणि नव्हतीच ती आजारी,” सुल्माबाई म्हणाल्या.

“तेच तर तपासायचं होतं!”

“तपासायला दुसऱ्याचं कुत्रं नव्हतं का गावात?”

“साठांची यादी आधीच ठरली होती. चिठ्ठ्या टाकून. मधेच कुत्रं बदलायचं नसतं, हो की नाही गं, तू शिकलेली आहेस.”

मी म्हणाले, “हो. पण डॉक्टर, तुम्ही एकोणसाठ असं लिहून मोकळे का झाला नाहीत?”

“कारण माझे प्राध्यापक विचारणार, साठावं कुठे गेलं? आणि मला छापील लेखात लिहावं लागणार, सासूने नकार दिला. पुढे मी तिच्या टेबलावर रविवारचे राव्हिओली कसे खाणार?” त्यांनी एक बिस्कोचो उचलला. “म्हटलं, थांबू. तिचं मन वळेल. दुसऱ्या एका लेखात ‘छपाईत’ असं लिहून ठेवलं, कारण पुढच्या महिन्यात होणारच होतं. मग कानेला मेली. मग सासूबाईही गेल्या. मग वाटलं, आता कोण विचारतंय.”

“काहीतरी लिहून साठ पूर्ण करता आलं असतं,” मी म्हणाले. मला फक्त त्यांचं उत्तर ऐकायचं होतं.

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच त्यांच्या कुत्र्याला जुलाब दिला होता. “न तपासलेलं कुत्रं? लिहायचं?”

सुल्माबाई उठल्या आणि आतून एक कार्डबोर्डची फाइल घेऊन आल्या. अकरा टंकलिखित पानं. तक्त्यात एकोणसाठ ओळी भरलेल्या, साठावी ओळ : ‘कानेला, मादी, तपकिरी,’ आणि पुढे रिकामं. बाधित एकोणीस. मी तिथेच कागदी रुमालावर हिशेब केला. कानेला कशीही निघाली असती तरी उत्तर दर तिघांत एकच्याच आसपास राहिलं असतं. मी त्यांना रुमाल दाखवला. त्यांनी भागाकार पुन्हा करून पाहिला. मग सुल्माबाईंनी तो घेतला, वाचला आणि म्हणाल्या, “म्हणजे आई बरोबर होती.”

मी पानं हातात धरली होती. परत येताना बसमध्ये हाच विचार डोक्यात होता. नियम मोडायची गरज नव्हती. पण खोटा खंड, खोटी पानं आणि पेरेयरा छापायचीही नव्हती. गुरुवारी मी यादी लिहिली. पहिली ओळ अशी होती : ‘उरुतिया, वॉ. अप्रकाशित टंकलिखित, ११ पानं, ५९ कुत्री. एकूण ३४७ उल्लेख. खंड व पृष्ठांक इतरांनी जोडलेले.’ उरुतिया यादीत होते, आणि पहिलेही होते. ग्लाडिसबाईंनी ओळ दोनदा वाचली आणि स्वतःच छापायला नेऊन दिली. फागुन्देसना यादी दाखवायला गेलो तेव्हा ते शिंप्याकडे होते, ही काही आमची चूक नव्हे.

शुक्रवारी भाषणांआधी मंत्रालयाच्या बाई पहिल्या रांगेत यादी चाळत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “अप्रकाशित म्हणजे? आणि ही एकोणसाठ कुत्री कुठली?”

फागुन्देसनी यादी उघडली. त्यांचा चेहरा मी पाहिला नाही. मी छताकडे बघत होते. सोमवारची सही त्या छताला लटकलेली मला स्पष्ट दिसत होती.

मागून उरुतिया उठले, चकचकीत बूट घालून, आणि कुणी न बोलावता माइकपाशी गेले. त्यांनी चिठ्ठ्यांपासून राव्हिओलीपर्यंत सगळं सांगितलं. सुल्माबाईंनी दोनदा जागेवरून दुरुस्त्या केल्या. लोक हसायला लागले. पायसांदूचा एक पशुवैद्य उठून म्हणाला, “डॉक्टर, मी तुम्हाला चार वेळा उद्धृत केलंय. पानांसकट.”

“मग पान ११५ वर काय आहे ते सांगा की,” उरुतिया म्हणाले. “मला कधीची उत्सुकता आहे.”

“इथे आणखी कोणी उद्धृत केलंय?” मंत्रालयाच्या बाईंनी विचारलं. आधी एक हात वर झाला, मग तीन, मग नऊ. फागुन्देस हात मागे बांधून उभे होते. माझ्या तक्त्यात दोनशे बाराव्या ओळीत त्यांचं नाव होतं, साल २००९, पेरेयराविना.

मग सुल्माबाईंनी पाटीवरचं कापड ओढलं. ‘संस्थेचा सर्वाधिक उल्लेखित लेख.’ उरुतियांनी ती जवळ जाऊन वाचली. “छापलेला असं म्हटलेलं नाही,” ते म्हणाले. “बरोबर आहे. राहू द्या.”

सोमवारी फागुन्देसनी मला बोलावलं. करार टेबलावर होता, पेन उघडं होतं. मंत्रालयाच्या बाईंनी फोन केला होता, त्यांना इतर संस्थांच्या याद्याही अशाच तपासून हव्या होत्या.

“एक वर्ष,” ते म्हणाले. “पण एका अटीवर. माझ्या लेखांतल्या संदर्भांना हात लावायचा नाही.”

“चालेल, डॉक्टर,” मी म्हणाले. “फक्त ती अट करारात लिहा. कोणते लेख तपासले नाहीत आणि का नाहीत, ते अहवालात नमूद करावं लागतं.”

ते हसले. मग हसायचे थांबले. शेवटी त्यांनी अट न लिहिताच सही केली, करार माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “कधीपासून सुरू करणार?”

“‘अ’पासून, अकारानुक्रमे,” मी म्हणाले. “तुम्हाला अजून थोडा वेळ आहे.”