चांगलं पाकीट आधी

"आणखी किती वेळा उघडायचं हे झाकण? उघडलं की बाहेरची दमट हवा आत. मग बसा वाळवत! ओली चादरसुद्धा एवढा वेळ घेत नाही."

सकाळीच रडतराव पंपाशी पुटपुटत होते. हे नाव त्यांना प्रयोगशाळेनंच दिलेलं. पेटीत कोरडी हवा सोडणारा पंप त्यांच्या ताब्यात, आणि कुरकुरीचा परवानाही त्यांच्याचकडे. धाकटी त्यांच्या खांद्याशी वाकून पेटीतल्या आरशाचा स्क्रू केसभर फिरवत होती. एरवी ती हसली असती. आज तिचा हात थबकला.

धाकटी म्हणजे चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई. पण बाईंची ती शेवटची विद्यार्थिनी, म्हणून केस पिकले तरी धाकटीच. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. आणि पलीकडे पाकिटं मांडत बसलेला तो धाकटीचा नवरा. पेटीची मूळ कल्पना त्याची.

दोन लेझर एकमेकांत मिसळून टेराहर्ट्झ किरण तयार करायचे, हे धाकटीचं काम. हे किरण कागदातून, पुठ्ठ्यातून, प्लास्टिकमधून सुळकन आरपार जात. पाण्याची वाफ आडवी आली की मात्र नांगी टाकत. औषधाचं पाकीट न फोडता आतली गोळी अस्सल की भेसळीची, हे पेटीनं सांगायचं होतं. अस्सल असेल तर पडद्यावरची रेघ वर, भेसळ असेल तर खाली. यंत्र स्वस्त पडावं म्हणून किरण एकाच वारंवारतेचे ठेवलेले. त्यामुळे रेघ खाली आली एवढं कळे. का आली, हे तिला विचारायची सोय नव्हती.

आज इस्पितळाच्या औषधभांडाराच्या प्रमुख येणार होत्या. त्या हो म्हणाल्या की पेटी इस्पितळात आणि नवरा नोकरीत कायम. नाही म्हणाल्या तर महिनाअखेरीस त्यानं आपलं टेबल आवरायचं.

प्रयोगशाळेचा एक रिवाज होता. चांगलं आधी, वाईट नंतर. पूर्वी गोळ्यांची उघडी भुकटी मोजत, तेव्हा भेसळीचे कण चांगल्याला लागू नयेत म्हणून बाईंनी तो घालून दिला होता. मग भुकटी गेली, बंद पाकिटं आली. रिवाज तसाच राहिला. कुलूप हरवलं तरी किल्ली कमरेलाच असते, तसा. रात्रभर पेटी वाळायची ती चांगलं पाकीट पोटात घेऊन. सकाळी रेघ वर. मग झाकण उघडायचं, वाईट ठेवायचं, जरा थांबायचं. रेघ खाली. सगळे खूश.

पंधरवड्यापूर्वी एक आरसा सरकला म्हणून धाकटीनं मध्येच झाकण उघडून मिटलं. आत पाकीट चांगलंच होतं. तरी रेघ खाली! आरसा नीट बसला नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं. त्या रात्री भांडी विसळता विसळता तिनं नवऱ्याला म्हटलं, "अरे, ते झाकणाचं..." त्यानं नळ पूर्ण सोडला. पुढचं पाण्याच्या आवाजात गेलं, आणि दोघांनीही ते जाऊ दिलं.

आज सकाळी सासूबाई म्हणाल्या होत्या, "तुमचं दोघांचं बिनसलंय का गं? बिनसलं असेल तर नीट आवाज करून भांडा तरी. ही शांतता मला सोसत नाही."

दुपारी पाहुण्या आल्या. खुर्ची नको म्हणाल्या, उभ्यानंच बघू लागल्या. सकाळपासून पेटी चांगलं पाकीट पोटात घेऊन वाळत होती. पडद्यावर रेघ वर, ताठ. नवऱ्यानं झाकण उघडलं, पाकीट बदललं, झाकण लावलं. खटका बसल्याचा आवाज झाला. रडतरावांचा पंप घुमत राहिला. कोणीही कोणाकडे बघेना.

रेघ खाली आली.

"वा!" पाहुण्या म्हणाल्या. "माझ्याकडे रोज खोकीच्या खोकी येतात. पेटी खाली म्हणाली की माल परत पाठवीन. वर म्हणाली की आजाऱ्याच्या हातावर ठेवीन. तेवढ्या भरवशावर चालू ना मी?"

"चाला की," बाई म्हणाल्या. आणि सवयीनं त्यांनी विचारलं, "कोणाला काही शंका?"

या प्रश्नावर एरवी तासभर जुंपायची. खुर्चीच्या पायावरूनही वाद घालणारे रडतराव आज पंपाच्या काट्याकडे असे टक लावून बसले की जणू तिथे त्यांचं भविष्य दिसतंय. म्हणजे सकाळची ती नुसती कुरकुर नव्हती तर! धाकटीनं बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या. काचा लख्ख असूनही.

म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्रत्येक जण दुसऱ्यानं बोलावं म्हणून थांबला होता.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पाकीट बाहेर काढत होता. भेसळीचं त्यानं बाजूला ठेवलं. मग त्याचा हात उगाचच चांगल्या पाकिटावर गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या हातानं त्यानं झाकण मिटलं, पण खटका लावला नाही. या प्रयोगशाळेत काम संपलं की खटका लावतात. इतक्या वर्षांत तो कधी विसरला नव्हता. त्यानं मान वर केली नाही. कान मात्र लाल झाले होते, लग्नाआधी खोटं बोलताना व्हायचे तसे.

पाहुण्यांनी पर्समधून पेन काढलं.

महिनाअखेर, सासूबाई, मुलं, सगळं एकदम धाकटीच्या डोळ्यांपुढे आलं. त्याच्या मागोमाग कुणाचा तरी हात आला, गोळी घेण्यासाठी पसरलेला.

"बाई," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "बाई, एकदा उलटं करून बघू या. आता चांगलं पाकीट ठेवू. मला वाटतं, रेघ तरीही खालीच येईल. आपण भेसळ मोजतच नाही आहोत, या खोलीतली दमट हवा मोजतोय."