रिकाम्या नळीतली रेष

“तू आज गप्प बसणार आहेस ना?” प्रयोगशाळेत लेझर चालवणाऱ्या आमच्या लेझरवाल्याने मला सभागृहाच्या दारातच अडवलं.

“बघू,” मी म्हटलं. बघू कसलं! कित्येक वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते.

आत सरांचं निरोपाचं व्याख्यान होतं. सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. काचेच्या नळीत एक वायू भरायचा, त्याला लेझरचा झटका द्यायचा, की क्षणभर एक नवा रेणू जन्मतो आणि वर्णपटात आपली रेष उमटवून नाहीसा होतो, हा त्यांचा गाजलेला शोध. आता त्या रेणूला त्यांचंच नाव द्यायचं घाटत होतं.

गणित माझं होतं. असा रेणू खरंच असेल तर त्याची रेष कुठे पडायला हवी, हे मी संगणकावर काढलं होतं. जुळेना. पुन्हा काढलं, तरी जुळेना. सरांना सांगितलं तर म्हणाले, “गणितबाई, तुमच्यासाठी निसर्ग रेष सरकवणार नाही हो!” सगळे खो खो हसले. मग दुसऱ्या कुणाकडून आकडे ओढूनताणून जुळवून घेतले आणि शोधनिबंधातून माझं नाव उडवलं. तेव्हापासून माझ्या पोटात आग आहे. ती मी विझू दिली नाही.

नळी ॲसिटोनने धुतली की त्याचा उरलासुरला अंश उडून जावा म्हणून भट्टीत तापवायची, मगच जोडायची, हे मला सरांनीच शिकवलेलं. परवा मी मुद्दाम नळी धुतली आणि न तापवताच जोडली. वायू भरलाच नाही. लेझरवाल्याने झटका दिला आणि पडद्याकडे बघून म्हणाला, “मेलो!” सरांची रेष जिथल्या तिथे उभी होती. नळीत चिकटून राहिलेल्या ॲसिटोनचे तुकडे झाले होते, रेष त्यांचीच होती, बाकी काही नाही.

व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या. मी उठले.

“सर, रिकाम्या नळीत कधी लेझर मारून पाहिलात?”

“हा काय प्रश्न झाला?” ते हसले.

“मी पाहिला. नळी धुतलेली होती, तापवलेली नव्हती. ही बघा तुमची रेष.” मी वर्णपटाचा कागद उंच धरला.

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. पण गडी मुरलेला. घसा खाकरून म्हणाले, “खरं तर या शोधात गणितबाईंचाही मोठा वाटा आहे. त्यांचं नाव राहून गेलं, ते मी आज सर्वांसमोर...”

“नको सर. नाव वगळलंत तेच बरं केलंत. आता वगळलेलंच राहू दे.”

या वेळी कुणी हसलं नाही. खोटं कशाला बोलू, मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू!

संध्याकाळी पर्स घ्यायला प्रयोगशाळेत गेले, तर सर मोरीपाशी उभे. व्याख्यानाचा कोट अंगात तसाच, आणि नळी धूत होते.

“पहिल्या प्रयोगाच्या दिवशी घाई होती,” ते पाठमोरेच म्हणाले. “तापवायची राहिली.”

“हो.”

“रेष जुळत नाही, हे तू सांगत होतीस.”

“हो.”

ते वळले. पूर्वी द्यायचे तशी त्यांनी ओली नळी माझ्यापुढे धरली, भट्टीत ठेवायला. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली.

मी पर्स खांद्याला अडकवली. “भट्टी चालू आहे, सर. तुम्हीच ठेवा.”

दारातून मागे पाहिलं. नळी तशीच पुढे धरून ते उभे होते, आणि तिच्यातले थेंब त्यांच्या बुटांवर पडत होते.