गोळ्यातलं नाव

“ए मातेई, ती डोक्यावरची छत्री काढ की! मागच्यांनी काय तुझी टोपी बघायची?”

महापौरांचा ड्रायव्हर ओरडला तसे चौकातले चारदोन लोक हसले. दादाने, माझ्या बापाने, ती रुंद काठांची टोपी काढली नाही. आम्हा गाबोर लोकांत, पत्रेकाम करणाऱ्या जमातीत, बाप्या माणूस चारचौघांत टोपी काढत नाही. तो मुकाट्याने गर्दीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. मीही गेले. माझा बाप अडुसष्ट वर्षांचा आहे. ह्या गावात त्याचा हात लागला नाही अशी एक पन्हळ दाखवा. तरी शाळेतल्या पोरांपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना तो ‘ए मातेई’.

क्रेनने बुरुजाच्या टोकावरचा तांब्याचा गोळा खाली उतरवला होता. गावची जुनी रीत आहे. पन्नास-साठ वर्षांनी बुरुजाचं छप्पर दुरुस्त होतं, तेव्हा गोळ्यात पत्र्याची डबी ठेवायची. डबीत एक कागद. काम कोणी कोणी केलं त्यांची नावं आणि त्या साली बाजारात काय भाव होता ते. इथल्या जर्मनांनी ही रीत घातली. नव्वद साली ते घरंदारं सोडून जर्मनीला गेले. रीत मागे राहिली, आणि आता तिचं रंगीत पत्रक छापून प्रवाशांना वाटतात.

मागची डबी अडुसष्ट सालची. तिला कथलाचा डाख दिला होता माझ्या आजोबाने, यांको बुर्चाने. वास्तुकार त्याला म्हणाला होता, “यांको, तुझंही नाव घातलंय हो.” आजोबाला अक्षर येत नव्हतं. त्याने मान डोलावली आणि डबी बंद केली. चौऱ्याऐंशी साली तो चर्चच्या छपरावरून पडून मेला. आमची माणसं कबरस्तानाच्या खालच्या कडेला पुरतात, जिथे वरचं सगळं पाणी येऊन साठतं. लाकडी क्रूस कुजला. आता त्याची कबर नेमकी कुठली, हेही सांगता येत नाही. दादाला मात्र त्याचं कधी वाईट वाटलं नाही. कोणी हिणवलं की म्हणायचा, “तुमच्या बापांची नावं जमिनीवर, त्यांवर कुत्री मुततात. माझ्या बापाचं नाव वर आहे. कावळ्यांच्याही वर!”

आज ते नाव सगळ्या गावासमोर वाचलं जाणार होतं.

महापौरांनी चष्मा लावून जुन्या डबीतला कागद वाचायला घेतला. तेव्हाचे महापौर, कम्युनिस्ट पक्षाचे सचिव, वास्तुकार, अभियंता, सुतार आणि त्याचे दोन जोडीदार, रात्रीचा राखणदार. प्रत्येक नावाला टाळ्या. मग ते थांबले, खाकरले, म्हणाले, “आणि इतर कामगार!” लगेच बँड वाजला आणि कोबीच्या गरम पुऱ्या वाटायला लागले.

“तेरेझ, तो थांबला,” दादा म्हणाला.

“थंडी आहे दादा. आटपलं असेल लवकर.”

“आटपलं नाही, थांबला. मला कागद वाचता येत नाही, माणूस येतो.”

कागद संग्रहालयात काचेखाली ठेवला. मी तिथे फरशी पुसते. दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडायच्या आधी, दादा धुतलेला सदरा घालून मागच्या दाराशी हजर. माझ्या मुलांच्या पुस्तकांवरून मी वाचायला शिकले, तेव्हा चोविशीत होते. सावकाश वाचते, पण चुकत नाही.

“वाच. वरपासून.”

मी वाचलं. सचिव झाला, सुतार झाला, रात्रीचा राखणदारसुद्धा नावानिशी होता. शेवटी भाव. अंड्याचा भाव, लोण्याचा भाव, डुकराच्या चरबीचा भाव. राखणदार आणि अंडी ह्यांच्या मध्ये एक ओळ होती.

‘पत्रेकाम : एक त्सिगान.’

त्सिगान म्हणजे जिप्सी. हा शब्द आम्ही रोज ऐकतो. बाजारात, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत. थुंकल्यासारखा अंगावर पडतो. चांगल्या शाईत, असा वळणदार लिहिलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अंड्याला भाव लिहिला होता आणि माणसाला नाव नव्हतं.

दादा माझ्या तोंडाकडे बघत होता. ‘यांको बुर्चा’ एवढं म्हणायचा अवकाश. त्याला कुठे कळणार होतं? उरलेलं आयुष्य ताठ मानेने चालला असता. शब्द जिभेवर आला होता. पण मग त्या महापौरात आणि माझ्यात फरक काय राहिला?

“नाव नाही, दादा,” मी म्हणाले. “‘एक त्सिगान’ लिहिलंय.”

“कुठे?”

मी काचेवर बोट ठेवलं. त्याने माझं बोट बाजूला करून तिथे आपलं ठेवलं.

“हे एवढंसं?”

“हो.”

बोट त्याने तिथेच ठेवलं. मग म्हणाला, “आणि डाख त्यानंच दिला गं. स्वतःच्या हातानं. नवसागर लावून, पक्का. सत्तावन्न वर्षांत थेंब गेला नाही आत.”

त्याच दिवशी दुपारी ओक्ताविया बाई घरी आल्या. नगरपालिकेत जुन्या वास्तूंचा वारसा-बिरसा बघतात त्या. बाई वाईट नाही. बुरुजाच्या दुरुस्तीला राजधानीहून आलेल्या कंपनीच्या पोरांनी नवी डबी केली होती, ती गळत होती. त्यांना नळीतला गोंद तेवढा पिळता येतो, डाख ठाऊक नाही. आणि क्रेन उद्या परत जाणार.

“मातेई, तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला?”

“नको जाऊस, दादा,” मी म्हणाले. “पावसात भिजू दे त्यांची नावं.”

“डबीनं काय केलंय?” असं म्हणून त्याने हत्यारांची पिशवी उचलली.

बुरुजाच्या पायथ्याशी त्याने शेगडी पेटवली, हत्यार तापत ठेवलं. बाईंनी नवा कागद उघडला. खाली शिक्का, वर सह्या. लेखणी काढून म्हणाल्या, “ह्या खेपेला तुझं नाव घालणार मी. पूर्ण नाव सांग.”

“माझं नको. बापाचं घाला. यांको बुर्चा.”

“अरे, तो ह्या कामावर नव्हता. ह्या कागदात कसा घालू?”

“बरं. मग त्याचं जे लिहिलंय तेच माझं लिहा. पत्रेकाम, एक त्सिगान. बाप-लेकाचं नाव एकच असावं.”

“असं काय बोलतोस? हा शब्द आता लिहिता येतो का?”

“तेव्हाच्या साहेबाला नाव लिहिता आलं नाही. काल महापौरांना वाचता आलं नाही. आता तुम्हाला लिहिता येत नाही.” दादाचा आवाज चढला नव्हता. “बाई, मग तुम्हा शिकलेल्यांना येतं तरी काय?”

बाईंचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. लेखणी कागदावर अधांतरी राहिली. कंपनीची पोरं फोन बघायला लागली. मग बाईंनी एक शब्द लिहिला, कागदाची गुंडाळी केली आणि डबीत सरकवली.

“काय लिहिलं?” दादाने मला विचारलं.

“काही नाही. ‘पत्रेकाम’ लिहून पुढे जागा मोकळी.”

त्याने झाकण बसवलं. कथील वितळून कडेने धावलं आणि थिजलं. चारही बाजू त्याने अंगठ्याने चाचपल्या. मग नळाखालची बादली ओढली आणि डबी पाण्यात दाबून धरली. गळती असली तर बुडबुडा येतो.

एकही आला नाही. बाई म्हणाल्या, “झालं, मातेई, काढ आता.” पाणी बर्फासारखं होतं, त्याची मनगटं लालभडक झाली. तरी आपल्या नावाची मोकळी जागा असलेली ती डबी तो कितीतरी वेळ खाली दाबूनच बसला होता.