पाकातली बोटं

गल्लीच्या तोंडाशी कौशल्याबाईंची हाक ऐकू आली, तशी सुलोचनाबाईंनी उजव्या हाताची बोटं पाकाच्या वाटीत बुडवली. मयुरी तोवर परातीपुढून उठली होती. शेगडीवरच्या निखाऱ्यांवर राख ओढून, पदराला हात पुसत ती आतल्या खोलीत गेली. सुलोचनाबाई बसल्या बसल्या सरकत सुनेच्या पाटावर आल्या. गुडघा परातीला लागला आणि तिळाचे दाणे खुळखुळले.

"सुलोचनाबाई ओ! आहे का घरी?" कौशल्याबाई पुन्हा ओरडल्या. मग कडी वाजली.

"या जी. लोटलेलंच आहे दार."

कौशल्याबाईंच्या मागून शाल पांघरलेली एक बाई आत आली. आर्वीची होती. लेकीची लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून मुलीला हलव्याचा पूर्ण साज हवा होता आणि जावयाला हार. आर्वीच्या दुकानात साज मिळत नव्हते असं नाही, पण विहीणबाईंनी इथला, तळेगावचाच हलवा पाहिजे म्हणून निरोप धाडला होता. ती हे सांगत असताना सुलोचनाबाईंनी हात परातीवर धरला आणि बोटं दाण्यांवरून हळूच फिरवली. मनगटापासून कोपरापर्यंत एक कळ गेली. चेहरा त्यांनी तसाच ठेवला.

"पाहा," कौशल्याबाई आर्वीच्या बाईला म्हणाल्या, "सांगलं नव्हतं तुम्हाले? बोटाचा पाक अजून वाळला नाई. असा काटा जिल्ह्यात भेटणार नाई."

सुलोचनाबाईंनी मान खाली घातली. पाक कोमट होता. सकाळपासून बोटांना मिळालेला तेवढाच शेक.

हलव्याचं काम थंडीचंच. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, त्यावर चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक वाळला की पुन्हा चमचाभर. दिवसामागून दिवस असं केलं की तिळावर साखरेचा काटा उगवतो. आभाळ आलं की काटा बसतो, हवा दमट झाली की गळतो. थंडी जितकी कडक, तितका काटा टोकदार. आणि थंडी जितकी कडक, तितकी सुलोचनाबाईंची बोटं आखडलेली.

संधिवात काही आजचा नव्हता. नवऱ्याचं बत्ताशांचं आणि गाठ्यांचं दुकान होतं, तो असतानाच सांधे धरायला लागले होते. तो गेला, दुकान बंद झालं, हलवा तेवढा राहिला आणि दुखणं राहिलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बोटं एकेक करून पाहिली, गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाल्या, गार पाण्यात हात घालू नका, पहाटेचा गारवा टाळा, बारीक काम सोडून द्या. परतीच्या एसटीत सुलोचनाबाई आर्वीपर्यंत गोळ्यांची पुडी मांडीवर धरून बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "हलवा सोडाले सांगते थे. जीव सोड म्हणाली असती तं सोपं होतं."

गेल्या वर्षीपर्यंत त्यांनी ओढून नेलं. यंदा कार्तिकातच हातानं दगा दिला. सकाळी तुळशीवर ऊन येईस्तोवर मूठ उघडेना. तांब्या दोन मनगटांत धरून उचलावा लागे. एका पहाटे चमचाच हातातून निसटला, पाक निखाऱ्यांवर सांडला आणि घरभर जळक्या साखरेचा वास सुटला. मयुरी उठून आली. काही न विचारता परातीपुढे बसली.

हलवा ज्याच्या त्याच्या हाताला येत नाही, असं सुलोचनाबाई जन्मभर सांगत आल्या होत्या. कुणी शिकवा म्हणून आली की हसून म्हणायच्या, शिकून होत नाही माय, रुक्मिणी ज्याच्या हातावर काटा देते त्यालाच येतो. संक्रांतीला देवळातल्या रुक्मिणीच्या अंगावर चढतो तो साज त्यांच्याच घरचा. त्याचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही. देणं देवीचं होतं, असं त्या मानत.

आणि हाताला घट्टे पडलेल्या या पोरीनं, जिला पोळीही गोल येत नव्हती, चौथ्या-पाचव्या पहाटेच परात पुढे सरकवली. दाणे पांढरेशुभ्र, अंगभर काटा, जुईच्या कळीसारखे. सुलोचनाबाईंनी एक दाणा उचलून जिभेवर ठेवला. टोचला.

"बोथट आला," त्या म्हणाल्या.

"उद्या पाहतो आणखी," मयुरी म्हणाली.

ठरलं ते त्याच दिवशी. बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. मयुरीनं पहाटे दार लावून हलवा करायचा, सुलोचनाबाईंनी दाणे दोऱ्यात गुंफून साज करायचे. गिऱ्हाईक आलं की पाट बदलायचा. ओवणंही काही सोपं नव्हतं. सुई दोन बोटांत थांबत नसे, म्हणून त्या ती चौरंगाच्या फटीत खोचून ठेवत आणि दाणाच सुईवर उतरवत. पण बाजूबंद, कंबरपट्टा, नथ, तान्ह्या मुलाची बासरी यांची घडण अजून त्यांचीच होती. निकेश, त्यांचा मुलगा, ट्रकवर असायचा, आठवड्याकाठी घरी यायचा. त्यालाही सांगितलं नाही.

रोज पहाटे देवघरापुढे बसून त्या पुटपुटत, एवढी संक्रांत निभावून ने. लबाडी आहे, मले समजते. पण हात गेले तरी नाव राहू दे.

आर्वीच्या बाईनं इसार दिला आणि गेली. कौशल्याबाई जाता जाता दारात थबकल्या.

"मयुरी दिसत नाई?"

"आत आहे. कामाची नाई ती या," सुलोचनाबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत भांडं वाजलं नाही की बांगडी वाजली नाही.

संक्रांतीला रुक्मिणी सजली. काळ्या चंद्रकळेवर पांढरा साज. गावातल्या बाया ओळीनं आल्या, वाकून पाहून गेल्या. त्याच दिवशी सप्ताह बसला आणि मधुकरबुवा आले.

मधुकरबुवांचं कीर्तन सुलोचनाबाईंनी कधी चुकवलं नव्हतं. बुवांचा आवाज आता वयानं थोडा फाटला होता, पण त्या फाटक्या जागेतूनच काही तरी आत शिरायचं. त्यांनी चिपळ्या उचलल्या, मृदंगावर थाप पडली, की दुखणंही बाजूला सरकून ऐकायला बसल्यासारखं वाटे. खांबाला टेकून, पायावर घोंगडी घेऊन त्या बसत. हसायच्या जागी आधी हसत, रडायच्या जागी आधी रडत. टाळ्यांच्या वेळी मात्र यंदा हात शालीखालीच राहत. ओठांनी ताल धरत.

काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी बुवांनी आख्यान लावलं ते हात गमावलेल्या कुंभाराचं. गावाला पाठ होतं, तरी कुणी जागचं हललं नाही. कुंभार कीर्तनात बसला आहे, सभेनं नामाच्या गजरात हात वर केले आहेत, आणि या बिचाऱ्यानंही भान विसरून आपले थोटे खांदे उचलले. बुवा थांबले. पेटी थांबली.

"अन् माय हो," बुवा हलकेच म्हणाले, "हात फुटले. झाडाले पालवी फुटते तसे."

गजर झाला. सगळ्या सभेचे हात वर गेले. सुलोचनाबाईंच्या डोळ्यांतून धार लागली होती. गजर ओसरला तसे बुवा गाभाऱ्याकडे वळले.

"जुनी गोष्ट आहे म्हणू नका. रुक्मिणीच्या अंगावर पाहा. डॉक्टरांनी हात टेकले त्या बाईचा हा साज आहे. दुखऱ्या हातानं काटा उगवला तिनं. कुठं आहे माउली? हात दाखव एकदा. आम्हाले दर्शन होऊ दे."

सगळे वळले. सुलोचनाबाईंनी मयुरीकडे पाहिलं. ती दोन ओळी पुढे बसली होती. तिनं मागे पाहिलं नाही. डोक्यावरचा पदर तेवढा पुढे ओढला.

बोलता आलं असतं. देवाच्या दारात, बुवांच्या समोर, एक वाक्य. पण सुलोचनाबाईंचे खांदे आपोआप उचलल्यासारखे वर गेले, शाल गळून पडली आणि हात उजेडात आले. स्वतःचे हात असे वर, इतक्या उजेडात, त्यांनीही कधी पाहिले नव्हते. सांध्यांवर गाठी, करंगळी बाहेर वळलेली, मधली बोटं एकमेकांवर चढलेली. या हातांनी तिळाचा दाणा फिरतो, असं लहान मुलानंही मानलं नसतं.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. बुवांनी येऊन बुक्का लावला आणि वाकून नमस्कार केला. बायांनी पाय धरले. सुलोचनाबाई रडत राहिल्या, आणि कशासाठी ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

गर्दी पांगली. घोंगडीची घडी होईना म्हणून त्या खांबाआडच बसून राहिल्या. खांबाच्या पलीकडे कौशल्याबाईंचा आवाज आला, दबका.

"बोटाले तूप-हळद लावत जाय वं मयुरी. कसे पोळले आहेत. रथसप्तमीले माह्या नातवाचं बोरन्हाण आहे, मुकुट अन् बासरी तुह्याच हातची पाहिजे. अन् म्हातारीले समजू देऊ नको. उद्या येतो मी रीतसर तिले सांगाले. हाक देतो कोपऱ्यावरून, म्हणजे तुले उठाले वेळ भेटते."

मयुरीनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

घरी जाताना दोघी बाजाराच्या रस्त्यानं चालल्या. ऊन उतरलं होतं आणि हायवेकडून ट्रकांचा आवाज येत होता. घोंगडी मयुरीच्या खांद्यावर होती.

"कधीपासून समजलं त्यायले?" सुलोचनाबाईंनी विचारलं.

सासू बरोबरीनं येईस्तोवर मयुरीनं चाल हळू केली.

"मार्गशीर्षात. गुरुवारच्या हळदीकुंकवाले गेलती. अत्तर लावाले हात धरला कौशल्याबाईनं, तं बोटं दिसली."

"सगळ्यायले?"

"सगळ्या होत्या तिथं."

विधवा झाल्यापासून सुलोचनाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं नव्हतं. त्या गुरुवारी त्या घरी बसून ओवत होत्या. तेव्हापासूनच कौशल्याबाई कोपऱ्यावरून हाक द्यायला लागल्या होत्या. त्याआधी तर ती बाई कडीही न वाजवता थेट चुलीपर्यंत येत असे.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"त्या म्हणाल्या, बाईचं मन राहू दे."

"अन् तू?"

मयुरीनं घोंगडी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मले कोणी इचारलं नाई," ती म्हणाली.

दुसऱ्या पहाटे थंडी कडक होती. देवघरापुढे सुलोचनाबाई बसल्या, पण काही पुटपुटल्या नाहीत. निरांजन लावायला काडी ओढली ती तीनदा हातातून पडली, तेव्हा मयुरीनं येऊन लावलं. मग ती परातीपुढे जाऊन बसली. निखारे फुंकले, तीळ टाकले, चमच्यानं पाक सोडला. शेगडीच्या उजेडात तिची बोटं दिसत होती. टोकं काळपटलेली, एकावर फोड. ती दाणे फिरवत होती, थांबत नव्हती, आणि परातीतून बारीक पावसासारखा आवाज येत होता.

सुलोचनाबाई उठल्या. फळीवरून तुपाची वाटी दोन्ही मनगटांत धरून काढली आणि मयुरीच्या गुडघ्याजवळ ठेवली. परातीतला एक दाणा उचलायला गेल्या, तो बोटांत येईना. मग वाकून तळहातानं चार दाणे ओढून घेतले आणि तोंडात टाकले.

"कसा आहे?" मयुरीनं विचारलं. मान वर न करता.

सुलोचनाबाईंनी दाणे जिभेवर तसेच धरून ठेवले. काटा टाळूला लागत होता. गेल्या कितीक थंड्यांत त्यांच्या स्वतःच्या हातालाही असा आला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"सुलोचनाबाई ओ!" कोपऱ्यावरून हाक आली. "आहे का घरी?"

मयुरीचा हात परातीत थांबला. तिनं सासूकडे पाहिलं. उठली मात्र नाही.

चपलांचा आवाज सावकाश येत होता, मुद्दाम सावकाश. मध्ये एकदा थांबला. बाई वेळ देत होती.

"ऊठ," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"आई, आता कशाले..."

"ऊठ म्हणते न. त्यायचं मन राहू दे."

मयुरी उठली. निखाऱ्यांवर राख ओढून, पदराला हात पुसत आत गेली. तुपाची वाटी तिथंच राहिली. सुलोचनाबाई सरकत पाटावर आल्या आणि पाकाची वाटी जवळ ओढली. पाक निवून गेला होता, वर साय धरल्यासारखी साखर जमली होती. कडी वाजली. त्यांनी बोटं खाली दाबली, साखर मोडली, आणि गारठा थेट खांद्यापर्यंत गेला.

"या जी," त्या म्हणाल्या. "लोटलेलंच आहे दार."