बारा नंबरचा वाफा

सेहाने तापमापकाची सळई रोपाशेजारच्या भोकातून मातीत खुपसली आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबली. पलीकडे उकिडव्या बसलेल्या ओकबुन आजी कोबीचं चोविसावं, शेवटचं रोप दाबत होत्या.

"एकोणचाळीस," सेहा म्हणाली. "काळ्या प्लॅस्टिक पेपरखाली माती एकोणचाळीस अंश आहे, आजी. बे काकांच्या पेंढ्याखाली एकोणतीस."

"मग तिथंच जाऊन झोप. गार लागेल."

शेजारच्या वाफ्यातले बे काका खदाखदा हसले. त्यांनी तीस वर्षं तेगू शहराची बस चालवली होती, आणि आजींच्या नवऱ्याबरोबर दहा वर्षं इथं कोबी लावला होता. "ऐका वहिनी, मॅडम शिकलेल्या आहेत."

"तू गप रे ड्रायव्हर. तुझा वाफा म्हणजे कोंबडीचं खुराडं दिसतंय."

सेहा काम करायची त्या पालिकेच्या कृषिकेंद्राने उन्हाळ्यात प्रत्येक वाफ्याला भाताच्या पेंढ्याचे दोन भारे देऊ केले होते. बत्तीसपैकी एकतीस जणांनी ते नेले. आजींच्या बारा नंबरने नेले नाहीत. गेली दोन वर्षं ऑगस्टअखेरच्या उन्हात याच वाफ्यातला कोबी बुडाशी कुजला होता आणि नोव्हेंबरात, वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायच्या दिवशी, आजींच्या अंगणात बाजारचा कोबी आला होता. यंदाही तसंच झालं तर किमची तयारच मागवू, असं सुनेने सांगून ठेवलं होतं. आजींनी मात्र यंदा सहा रोपं जास्त लावली होती.

"निदान अर्ध्या वाफ्यावर तरी पेंढा घालून बघा," सेहा म्हणाली.

आजींनी हातातल्या काळ्या गुंडाळीवरची माती बाहीने पुसली. "यांनी आणलेला रोल आहे. अजून बराच उरलाय. तो संपेपर्यंत हाच."

तासातासाला तापमान टिपणारं छोटं यंत्र सेहाने बारा नंबरच्या वाफ्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागात पुरलं आणि ती गेली.

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा बे काका कमरेवर हात ठेवून उभे होते.

"माझ्या वाफ्यातला तुझा पेंढा चोरीला जातोय बघ. रोज मूठमूठ. मांजर असणार."

"मांजर पेंढा कशाला नेईल?"

"व्यायला झाली असेल."

सेहाने बारा नंबरचं यंत्र उकरून फोनला जोडलं. पहिले सहा दिवस दुपारी दोनला एकोणचाळीस, चाळीस. सातव्या दिवशी चौतीस. नवव्या दिवसापासून एकतीसच्या वर काही नाही. हवा तर तेवढीच तापत होती. तिने बॅटरी तपासली. मग रोपं मोजली. चार मेली होती, चारही वाफ्याच्या पलीकडच्या अर्ध्या भागात. अलीकडच्या बाराही रोपांची आतली पानं गड्डा धरायला वळू लागली होती.

यंत्र परत पुरण्यासाठी तिने पेपरची कड उचलली. खाली पेंढा होता. नीट, एकसारखा पसरलेला, रोपांच्या बुडाभोवती जागा सोडून. वरून वाफा काळाच्या काळा दिसत होता.

झारी घेऊन आजी नळावरून येत होत्या. सेहाने कड खाली सोडली आणि तिच्यावर माती दाबली.

"बिघडलं वाटतं तुझं यंत्र?" आजींनी विचारलं.

"नाही. चांगलं चाललंय."

"काय लिहिलंस मग?"

"तापमान लिहिलं." नोंदीतला आच्छादनाचा रकाना तिने कोराच ठेवला होता.

आजींनी मान हलवली आणि त्या पाणी घालायला वाकल्या. त्यांच्या पायमोज्याला पेंढ्याची एक काडी चिकटली होती.

"पोरी," बे काका पलीकडून म्हणाले, "उद्या येताना मांजरासाठी एक भारा आण. माझ्या खुराड्याचं छप्पर उघडं पडायला लागलंय."

झारीची धार थांबली. आजींनी वर पाहिलं नाही.

"एका भाऱ्यानं काय होतंय," त्या म्हणाल्या. "अजून अर्धा वाफा राहिलाय."