न भाजलेली फुलं

"आधी भाजली होतीस ना गं फुलं?" शेजारच्या आयडेलाने तेलाची बाटली नाकाशी धरून विचारलं.

"भाजायची?" मर्नाने विचारलं.

"अगं, ओव्हनमध्ये. मंद आचेवर. त्याशिवाय गांजा तेलात काही सोडत नाही. एवढं आयुष्य या डोंगरात काढलंस आणि हे ठाऊक नाही?"

ठाऊक कुठून असणार? मर्नाने चाळीस वर्षं गांजा लावला, सुकवला, विकला, ओढला. ओढताना काडी पेटवली की झालं. तेल ती पहिल्यांदाच करत होती. तरुणपणी ती गांजाची झाडं रेडवुडच्या उंच वृक्षांच्या सावलीत लपवायची. वर पोलिसांचं हेलिकॉप्टर घरघरलं की नवरा, ऑर्विल, तिचा हात धरून ओढ्यात पळायचा. आता कायद्याने मुभा आहे. कपड्यांच्या कपाटात, दिव्याखाली, सहा झाडं निमूट वाढतात.

"पण ऑर्विलला गुण येतोय," ती म्हणाली. "तीन आठवडे रोज चमचाभर घेतोय. म्हणतो, हाडं गप्प झाली."

"या तेलाने? हे सॅलडवर घाल, बाई." आयडेला हसली, आणि मर्नाचा चेहरा बघून थांबली.

ती गेल्यावर मर्ना आतल्या खोलीत आली. ऑर्विल भिंतीकडे तोंड करून पडला होता. कॅन्सर हाडांत उतरलेला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी त्याला मर्नाचं नावही आठवेनासं व्हायचं, म्हणून त्याने त्या बंद केल्या होत्या.

"तेलात काही नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या चमच्यापासून."

"मग बोलला का नाहीस, म्हाताऱ्या?"

"मला बरं वाटतंय म्हटलं की तू झोपायचीस. घोरायचीससुद्धा. म्हटलं, एकाला तरी झोप लागतेय."

तिला रडू आलं नाही. रागही नाही. कपाटात सुकायला टांगलेली शेवटची फांदी तिने उतरवली, फुलं खुडली, ट्रेमध्ये पसरली आणि स्वयंपाकघरात ओव्हन लावून ओव्हनपुढेच खुर्ची घेऊन बसली. घरभर उग्र वास पसरू लागला.

आतून ऑर्विल कण्हला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, मोठ्याने, मोकळेपणी. मग पुन्हा.

मर्नाचा हात आच वाढवायला बटणाकडे गेला. आच वाढवली तर फुलं करपतात. तिने हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला.